चार मिनिटांत खान्देश मावत नाही

लगीनसराईत जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही गावात हळदीच्या रात्री जा, मांडवात अहिराणी गाणं वाजत असतं. त्यात आता नवल राहिलेलं नाही. 'हाई झुमका वाली पोर' किंवा 'बबल्या इकस केसावर फुगे' यांसारखी गाणी खान्देशची शीव ओलांडून कधीच पुढे गेली. पुण्या-मुंबईच्या वरातींत अहिराणीचा एक शब्दही न येणारी माणसं त्यांवर नाचली. मला याचा मनापासून आनंद आहे. ज्या बोलीत बोललं की वर्गात 'नीट बोल' म्हणून दटावलं जायचं, त्या बोलीने डीजेवर हक्काची जागा मिळवली, ही लहान गोष्ट नाही.

पण या गाण्यांबद्दल आपण काय बोलतो ते जरा आठवून पाहा. 'किती व्ह्यूज झाले?' एवढं एकच. गाणं काय सांगतं, चाल कुठून आली, शब्द कोणाचे, मधलं कडवं का पडलं, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. आणि आख्खा अल्बम म्हणून ऐकलेलं, ज्यावर दोन माणसं चहाच्या टपरीवर भांडली असं एखादं खान्देशी काम सांगा म्हटलं, तर नाव पटकन सुचत नाही.

खान्देशातल्या गाणाऱ्यांनी आता सुट्या गाण्याच्या पुढे जाऊन आख्खा अल्बम करावा, असं माझं म्हणणं आहे. आठ-दहा गाणी, पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि त्या सगळ्यांमागे एकाच माणसाचं डोकं. आणि तो अल्बम आपण खान्देशी माणसांनी पुस्तकासारखा घ्यावा: बसून ऐकावा, त्यावर लिहावं, त्याचे पैसे मोजावेत. पहिलं काम कलाकाराचं, दुसरं आपलं. मला काळजी वाटते ती दुसऱ्याचीच.

अल्बम म्हटलं की काचेमागे बसलेला रेकॉर्डिस्ट आणि लाखोंचं बिल डोळ्यांसमोर येतं. म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातला रॉक गायक. १९८० साली 'द रिव्हर' या त्याच्या दोन तबकड्यांच्या अल्बमने तिथल्या विक्रीच्या यादीत पहिला क्रमांक गाठला. मागे तयारीचा बँड, मोठमोठे दौरे, सगळं जोरात चाललेलं. पुढच्या अल्बमची गाणी स्टुडिओत जाण्याआधी घरीच कच्ची करून घ्यावीत, म्हणून १९८२ च्या जानेवारीत त्याने कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, टिअ‍ॅक कंपनीचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र मांडलं. दोन साधे माइक, एक गिटार, माउथऑर्गन, अधेमधे एखादं वाद्य. बस.

त्या कॅसेटवर जी माणसं उतरली ती मांडवात नाचायला येणारी नव्हती. एकाची कारखान्यातली नोकरी गेली आणि दारूच्या भरात त्याच्या हातून खून झाला. दुसऱ्या गाण्यात एक भाऊ पोलीस आणि एक भाऊ गुन्हेगार. पहिलंच गाणं १९५० च्या दशकातल्या एका खऱ्या खुन्याच्या तोंडी. तेव्हा अमेरिकेत बेकारी वाढत होती, १९८२ च्या अखेरीपर्यंत ती दहा टक्क्यांच्या वर गेली. न्यू जर्सीत माहवा इथला फोर्डचा मोटारींचा कारखाना १९८० साली बंद पडला होता, आणि ते गाव नावानिशी त्या खुनाच्या गाण्यात आलं.

पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बँडसह हीच गाणी पुन्हा बांधायचा प्रयत्न झाला. कसलेले वादक होते, यंत्रं उत्तम होती. पण स्प्रिंगस्टीनला त्यात ती माणसं सापडेनात. गाणं जितकं मोठं होई तितका त्यातला माणूस बारीक होई. ती मूळ कॅसेट तो डबीशिवाय नुसती खिशात घालून हिंडत होता. शेवटी ठरलं, हीच काढायची. मग तंत्राची अडचण उभी राहिली. टेपवरचा आवाज इतका हळू आणि खरखरीत होता की तो तबकडीवर नीट उतरेना, बरेच प्रयत्न फसले. ३० सप्टेंबर १९८२ ला 'नेब्रास्का' बाजारात आला. त्यासाठी दौरा झाला नाही. अमेरिकेत त्यातलं एकही गाणं सुटं काढलं नाही. एका गाण्याचा व्हिडिओ निघाला, त्यात गायक स्वतः दिसतच नाही. तरी अल्बम विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. वर्षभरात जॉनी कॅशसारख्या बुजुर्ग गायकाने त्यातली दोन गाणी स्वतःच्या अल्बमसाठी गायली. बँडसह केलेलं ते बाजूला ठेवलेलं ध्वनिमुद्रण थेट २०२५ साली, त्रेचाळीस वर्षांनी लोकांसमोर आलं.

या गोष्टीतून 'स्वस्तातही अल्बम होतो' एवढाच अर्थ काढला तर तो अपुरा राहील. यंत्राचा प्रश्न आपल्याकडे सुटलेलाच आहे. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या कुठल्याही पोराच्या मोबाइलमध्ये चारापेक्षा जास्त ट्रॅक मिळतात. मला महत्त्वाची वाटते ती निवड. जोरकस, वाजवायला सोपं, विकायला सोपं असं रूप तयार होण्याच्या वाटेवर असताना स्प्रिंगस्टीनने गाण्याला जे रूप शोभतं ते उचललं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही निवड झेलणारे पुढे होते. कोलंबिया कंपनीने तो अल्बम काढला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गाण्यांवर नाचलेल्या श्रोत्यांनी या काळोख्या गाण्यांना आपली चाळीस मिनिटं दिली. समीक्षकांनी तो गाणं म्हणून ऐकला. स्प्रिंगस्टीनच्या पाठीशी आधीचं यश होतं, हे मान्य. आपल्या गाणाऱ्याच्या पाठीशी ते नाही, म्हणूनच ती जागा दुसऱ्या कोणीतरी भरायला हवी, आणि त्या कोणीतरीत तुम्ही-मी येतो.

आता आपल्याकडे काय घडतं ते सांगतो. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात ऐन मेमध्ये एका रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलो होतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला आतून कापसाची जाड गादी टांगलेली. रेकॉर्डिंग सुरू होताना पंखा बंद करावा लागे, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. अशा भट्टीत साठीच्या आसपासची एक मावशी डोक्यावर पदर घेऊन आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं गात होती. सासुरवाशीण मुऱ्हाळ्याची, माहेरी न्यायला येणाऱ्या भावाची, वाट बघते. सासू निरोप दडवून ठेवते. भाऊ येतो, पण पायी येतो. ती विचारते, गाडी कुठं, बैल कुठं? तो उत्तर देत नाही, घोटभर पाणी मागतो. पुढच्या कडव्यात ती आपल्या हातातल्या पाटल्यांकडे बघते, आणि ऐकणाऱ्याला कळतं की बैल विकले गेले ते हिच्याच लग्नाच्या देण्यापायी. मावशीचा आवाज तिथे थोडा चिरकला. ती थांबली नाही, शेवटपर्यंत गायली, मग पदराने घाम पुसून पाणी मागितलं.

खोलीच्या मालक पोराने हेडफोन काढले, पहिलं कडवं आणि धृपद उचललं, पट्टी वर चढवली, खाली ढोलाचा लूप टाकला, वेग वाढवला. अर्ध्या तासात मांडवात वाजेल असं गाणं तयार. बाकीच्या कडव्यांचं विचारलं तर म्हणाला, 'एवढं कोन ऐकी, भाऊ?' तो पोरगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पहिल्या पंधरा सेकंदांत ठेका धरला नाही तर रील बनत नाही, रील बनलं नाही तर डीजेवाला पेनड्राइव्हमध्ये गाणं घेत नाही, आणि डीजेवाल्याने घेतलं नाही तर पुढची ऑर्डर येत नाही. या साखळीत विकलेल्या बैलांना जागाच नाही. बाकीची कडवी त्याने पुसून मात्र टाकली नाहीत. ती त्याच्या हार्ड डिस्कवर तशीच पडून आहेत, कारण त्यांचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. खान्देशात अशा किती खोल्यांत अशी किती कडवी पडून असतील!

लोक म्हणतात, आता चाळीस मिनिटं बसून ऐकायला सवड कोणाला आहे. मला हे पटत नाही. ज्या गावांत हरिनाम सप्ताहाला आठ दिवस मांडव भरलेला असतो, जिथे वही गायनासारखं लोकगाणं रात्र-रात्र चालायचं, जिथे कानबाई देवीच्या उत्सवात, रोटाला, घरातली चार पिढ्यांची माणसं एकत्र जागतात, तिथल्या माणसाला बसता येत नाही असं कसं म्हणायचं? बसायची सवय आहे. रेकॉर्ड केलेल्या गाण्यासमोर बसायची मात्र कधी लागली नाही, कारण बसावं असं काही त्याच्यापुढे ठेवलंच गेलं नाही. कॅसेटच्या जमान्यात एसटी स्टँडवरच्या गाड्यावर अहिराणी कॅसेटी मिळायच्या, पण त्यातही एक चाललेलं गाणं आणि बाकी भरताड असा प्रकार फार असे.

पैशाचं म्हणाल तर तोही प्रश्न आपण उलटा मांडतो. सुट्या गाण्याचा खर्च कशावर होतो? ड्रोन, भाड्याची मोटारसायकल, नाचणारी मुलं, कपडे, हॉटेलाच्या लॉनचं भाडं. आवाजाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. दहा गाण्यांच्या अल्बमला दहा व्हिडिओ लागत नाहीत. 'नेब्रास्का'ला एक पुरला. तोच पैसा चांगल्या बेंजोवाल्याला, चांगल्या मिक्सिंगला, आणि गीतकाराच्या सहा महिन्यांच्या जेवणाला लागू शकतो.

नाचाच्या गाण्यांना माझा विरोध नाही. दिवसभर कापूस वेचून आलेल्या पोरीने रात्री मांडवात मनमोकळं नाचावं, यासारखं चांगलं काही नाही. पण त्या पोरीचा झुमका आणि चाल एवढंच गाण्यात यावं, तिची मजुरी, तिचं सुटलेलं कॉलेज, तिचा राग कधीच येऊ नये, हे मला खटकतं.

आख्ख्या कामाने काय फरक पडतो, याचा दाखला खान्देशच्या घरातच आहे. बहिणाबाई चौधरी, आसोद्याची लेक, जळगावची सून. जन्म १८८०, मृत्यू १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी तोंडून गाणं निघायचं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ते जमेल तसं उतरवून ठेवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. समजा, पुस्तक निघालंच नसतं आणि संसाराच्या चटक्यांचं ते एकच गाणं कुठूनतरी पसरलं असतं, तर आज आपण बहिणाबाईंना कवयित्री म्हटलं असतं का? 'खान्देशातलं एक लोकगीत' एवढंच नाव त्याला पडलं असतं. पेरणी, कापणी, मन, वैधव्य, जोगी, माहेर हे सगळं एकापाठोपाठ वाचल्यावर त्यामागचा एक माणूस उभा राहिला. आणि अत्र्यांनी तिला बाजूच्या रांगेत न बसवता थेट मोठ्या कवींच्या पंक्तीत नेलं. आज अहिराणीत गाणाऱ्या पोराला प्रस्तावना लिहिणारा कोणी नाही. गाण्याने अमुक आकडा पार केला याची बातमी येते. गाण्याचं दुसरं कडवं कच्चं आहे, असं लिहिणारा मला अजून भेटायचा आहे. तो भेटला तर मी त्याचा सत्कार करीन.

आकड्यांचाच आग्रह असेल तर जनगणनेचे आकडे बघा. २००१ साली खान्देशी (अहिराणी हिच्यातच मोजतात) ही मातृभाषा म्हणून सुमारे २० लाख ७५ हजार लोकांनी नोंदवली होती. २०११ साली ती संख्या सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. बोलणारे याहून खूप जास्त आहेत हे आपण सगळे जाणतो. दारात आलेल्या माणसाला आपण 'मराठी' सांगून मोकळे होतो. एवढी गाजलेली गाणी जिच्यात होतात ती बोली विचारल्यावर सांगायला लोक कचरतात, याचा अर्थ गाजण्यातून मान आलेला नाही. मान यायला कोणीतरी त्या बोलीत मोठं, गंभीर, अडचणीचं काम करावं लागतं, आणि कोणीतरी ते मोठं म्हणून स्वीकारावं लागतं.

नावांचाही प्रश्न आहे, आणि तो मला फार टोचतो. आपल्याकडे शब्द आणि चाल एकरकमी विकत घेतली जाते, बहुतेकदा तोंडी. गाणं आलं की पडद्यावर नाचणाऱ्यांची नावं मोठी, गीतकाराचं असलं तर असलं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सही करूनही सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. आपल्या किती गीतकारांना हे ठाऊक आहे? पारंपरिक गाण्यांची तर आणखी वाईट गत. कानबाईचं, आखाजीचं गाणं सगळ्यांचं, पण जो आधी यूट्यूबवर आपल्या नावाने चढवतो तो मालक होऊन बसतो, आणि मग आपल्या आजीच्या आवाजातलं तेच गाणं टाकणाऱ्याला हक्काचा दावा येतो. अल्बम करायचा म्हटलं की आतल्या पानावर लिहावंच लागतं: ही चाल अमुक गावच्या अमुक बाईकडून घेतली, ढोल यांचा, पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) यांची. त्या अमळनेरकडच्या मावशीचं नाव तयार झालेल्या गाण्यावर कुठेच आलं नाही.

पावरीचा उल्लेख मुद्दाम केला. खान्देशचं गाणं म्हणजे फक्त अहिराणी गाणं, असं आपण नंदुरबारच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणू शकत नाही. मराठीने अहिराणीला जे केलं तेच अहिराणीने भिली आणि पावरी (वाद्य नव्हे, पावरा लोकांची बोली) यांसारख्या बोलींना करू नये. आणि रॉकचं म्हणाल तर, माझ्या मते खान्देशचं खरं रॉक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन हिंदी गाणी वाजवणाऱ्या पोरांपाशी नाहीच. ते नवापूर-तळोद्याकडच्या बँडगाड्यांवर आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, छातीत धडधडणारे स्पीकर, आणि तासन्‌तास न तुटणारी टिमली किंवा रोडाली, म्हणजे आदिवासी नाचाचं संगीत. त्या वादकांची ताकद मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांना मिरवणुकीतून उचलून एका खोलीत शांतपणे आठवडाभर बसवलं, ऐकणारा एक जाणता निर्माता सोबत दिला, तर काय निघेल याची मला प्रचंड उत्सुकता आहे.

विषयांची तर रास पडली आहे. नुसती सुरत-भुसावळ पॅसेंजर घ्या. उधना, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. या एका मार्गावर दहा गाणी उभी आहेत. सुरतेच्या लिंबायत-डिंडोलीकडे खोली करून राहिलेला, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा शिंदखेड्याचा पोरगा. पाच एकर बागायत असूनही नोकरी नाही म्हणून लग्न न जमणारा चाळिशीकडे झुकलेला शेतकरी, ज्याच्या गावात दर हंगामात दुसऱ्यांच्या हळदी वाजतात. रावेरकडची एका वादळात आडवी झालेली केळीची बाग. कापसाला भाव येईल म्हणून घर भरून ठेवलेला कापूस आणि त्यावर झोपणारी माणसं. होळीला गावी परतणारी पाडवी आणि वसावे आडनावांची आदिवासी माणसं. यांतलं प्रत्येक गाणं सुटं काढलं तर रडगाणं वाटेल, चालणार नाही. ओळीने लावलं, मध्ये आखाजीच्या झोक्याचं एखादं खळखळून हसणारं गाणं ठेवलं, की त्या पॅसेंजरच्या डब्यात आपण बसलेलो असतो आणि उतरता येत नाही.

हे काम कोणी उचलायचं? जळगाव आकाशवाणीने महिन्यातून एका संध्याकाळी एक आख्खा अल्बम सलग लावावा, मध्ये जाहिरात न घेता, आणि नंतर करणाऱ्याला समोर बसवून विचारावं. बहिणाबाईंचं नाव २०१८ पासून अभिमानाने मिरवणाऱ्या आपल्या विद्यापीठाने अशा खोल्यांतल्या हार्ड डिस्कवर पडलेली कडवी गोळा करावीत आणि बोलीच्या अभ्यासक्रमात छापील कवितेशेजारी रेकॉर्ड केलेलं गाणं ठेवावं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. आपल्याकडच्या पुढच्या लहान-मोठ्या संमेलनांत गाण्याला संध्याकाळच्या करमणुकीतून काढून परिसंवादात आणावं आणि गीतकाराला कवी म्हणून मंचावर बसवावं. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांनी परीक्षणाला पाव पान द्यावं, आणि अल्बम फसला असेल तर कुठे फसला ते स्पष्ट लिहावं. नुसत्या कौतुकाने आपल्या कलाकारांचं फार नुकसान झालं आहे.

पैशासाठी सरकारकडे बघत बसण्याची गरज नाही. सुरत, नाशिक, पिंपरी-चिंचवडमध्ये खान्देशी मंडळं आहेत, कानबाईच्या उत्सवाला ती हौसेने वर्गणी काढतात. त्याच वर्गणीतून एका वर्षी एका अल्बमसाठी आगाऊ पैसे बाजूला ठेवावेत, गाणाऱ्याला 'नाचाचं एक तरी टाक' अशी अट घालू नये, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं आतल्या पानावर छापावीत. आधी गाणं देणाऱ्या बाईचं, मग गीतकाराचं, मग बेंजोवाल्याचं, आणि त्याखाली वर्गणीदारांची.